शेल्यातली कट्यार, कोटातले पिस्तूल

इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत रहाटणीचे नाव आढळत नाही. थेरगाव, काळेवाडी आणि पिंपळे सौदागर यांच्या बेचक्यात, पवनेच्या काठी पिढ्यान्‌पिढ्या शेती करीत राहिलेले हे गाव कोणा सरदाराची राजधानी झाले नाही, की कोणत्या तहनाम्यावर त्याची मोहर उमटली नाही. परंतु नकाशा पुढे घेऊन या गावाभोवती चार-दोन कोसांचे वर्तुळ काढले, तर शस्त्र आणि पोशाख यांच्या परस्परसंबंधाचा जेवढा इतिहास त्या वर्तुळात सापडतो, तेवढा मोठमोठ्या राजधान्यांच्या दप्तरांतही क्वचितच सापडेल. पवनेपलीकडे चिंचवड, जेथील कीर्तनकाराच्या घरात चापेकर बंधू वाढले. आग्नेयेस, मुळेच्या पार, गणेशखिंड, जेथे त्यांनी पिस्तूल झाडले. पूर्वेस खडकी, जेथे १८६९ साली सरकारने काडतुसांचा कारखाना घातला. आणि उत्तरेकडे, वर्तुळाच्या बरेच बाहेर, चाकणवरून जाणाऱ्या रस्त्यावर भीमाकाठचे खेड, जेथे शिवराम हरी राजगुरू यांचा जन्म झाला. समारंभाच्या वस्त्रांखाली शस्त्र लपविण्याची रीत आपल्या मुलखात केव्हा आणि कशामुळे रूढ झाली, या प्रश्नाचा माग काढू लागलेल्या मनुष्याला रहाटणीच्या चौकात उभे राहिले तरी पुरेसे व्हावे, इतक्या या जागा एकमेकींना लगटून आहेत.

ती रीत पुरातन आहे असा एक समज आहे, आणि तो बव्हंशी चुकीचा आहे. आपल्या पूर्वजांना शस्त्र लपविण्याचे कारण नव्हते. ते पोशाखाचे एक अंगच होते. मराठेशाहीतील दरबारी वेष म्हणजे पागोटे, अंगरखा, विजार आणि कमरेला आवळून बांधलेला शेला. आणि त्या शेल्यात खोचलेली कट्यार व डाव्या अंगाला लटकणारी तलवार नसेल, तर तो वेष अपुरा मानला जाई. राजाकडून मान मिळे तो वस्त्रांच्या जोडीने ढाल-तलवारीचा मिळे. जरीच्या पोशाखाबरोबर दिलेल्या शस्त्राचा अर्थ एवढाच होता की हा मनुष्य आमच्यासमोर सशस्त्र उभा राहण्यास पात्र आहे. बार उडविणारी शस्त्रेही त्या काळी दडविण्याजोगी नव्हती. चकमकीचा तमंचा हात-दीड हात लांबीचा. त्याची जागा घोड्याच्या खोगिराला लावलेल्या कातडी घरात किंवा फार तर कमरेच्या पट्ट्यात. अंगरख्याखाली तो घालावा तर मनुष्य बसू शकणार नाही, आणि ऐन वेळी काढावा तर रंजकेची दारू सांडून गेलेली असायची.

झाशीच्या राणी लक्ष्मीबाई या मराठी घराण्यातल्या. त्यांच्या दरबारी वेषाची जी वर्णने चरित्रकारांनी नोंदविली आहेत, त्यांत पायजमा, अंगरखा आणि डोक्यावरील टोपी यांच्या बरोबरीने कमरेच्या पट्ट्यात खोचलेल्या पिस्तुलांचा व कट्यारीचा उल्लेख येतो. एका स्त्रीने भरदरबारात पिस्तुले उघड्यावर धारण करावी आणि त्यात कोणाला वावगे वाटू नये, ही गोष्ट १८५७ च्या आधीच्या हिंदुस्थानाविषयी पुष्कळ काही सांगून जाते. पुढे याच देशात दुसऱ्या एका स्त्रीने समारंभाच्या झग्याखाली रिव्हॉल्व्हर लपवून नेले, तेव्हा मध्ये काय घडून गेले होते, हाच या लेखाचा विषय आहे.

लपविण्याची उदाहरणे जुन्या काळी नव्हतीच असे मात्र नाही. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी शिवाजी महाराज अफजलखानास भेटावयास गेले ते अंगरख्याखाली चिलखत, मंदिलाखाली जिरेटोप आणि हाती न दिसणारी वाघनखे घेऊन. आणि ५ एप्रिल १६६३ च्या रात्री लाल महालात शायिस्तेखानावर जो छापा पडला, त्याच्या कथेत वऱ्हाडाच्या मिषाने शहरात शिरलेल्या मावळ्यांची आख्यायिका आहेच. (याच खानाने तीन वर्षांपूर्वी चाकणचा संग्रामदुर्ग फिरंगोजी नरसाळ्यांकडून घेतला होता, तेव्हा आमच्या औद्योगिक पट्ट्याचाही या हिशेबात थोडा वाटा आहे.) परंतु हे प्रसंग लक्षात राहिले ते त्यांच्या अपवादात्मकतेमुळे. बलाढ्य शत्रूशी, विश्वासघाताची खात्री असताना, एका विशिष्ट दिवशी वापरलेली ती युक्ती होती. नित्याचा शिरस्ता नव्हता. भेटीस जाताना सोबत किती माणसे आणि कोणती शस्त्रे असावीत याची वाटाघाट दोन्ही बाजूंचे वकील आधी करीत, यावरूनच शस्त्र दृष्टीस पडणे ही त्या काळची सभ्यता होती हे उघड होते.

ही सभ्यता मोडली ती कायद्याने. १८५७ चा उठाव शमत असतानाच रयतेची हत्यारे गोळा करण्यास प्रारंभ झाला. त्या वर्षीचा आणि १८६० चा असे दोन अधिनियम होऊन अखेर लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत, १८७८ साली, अकराव्या क्रमांकाचा हत्यारांचा कायदा मंजूर झाला. परवान्यावाचून शस्त्र बाळगणे, घेऊन फिरणे, विकणे हे सारे गुन्हे ठरले. गोऱ्या लोकांना आणि काही मोजक्या मानकऱ्यांना माफी मिळाली. बाकीच्या हिंदुस्थानाच्या कमरेवरून तलवार उतरली. काँग्रेस ही संस्था तेव्हा किती मवाळ होती हे सर्वश्रुत आहे, परंतु तिनेही १८८७ च्या मद्रास अधिवेशनापासून या कायद्याविरुद्ध ठराव करावयास आरंभ केला. कारण त्यातील अपमान सनदशीर मनुष्यालाही झोंबणारा होता. मला या कायद्याचे एक कलम विशेष अर्थपूर्ण वाटते. सामान्य उल्लंघनास तीन वर्षांपर्यंतची कैद सांगून त्याच कायद्याने पुढच्याच, विसाव्या कलमात, तोच भंग सरकारी अंमलदारास कळू नये अशा बेताने केल्यास सात वर्षांपर्यंतची कैद सांगितली. म्हणजे शस्त्र उघडपणे धारण करावे तर ते तत्काळ जप्त व्हायचे, आणि लपवून धारण करावे तर शिक्षा दुपटीहून अधिक. ज्यांना शस्त्र टाकून देणे मान्य होते त्यांनी ते टाकले. ज्यांना मान्य नव्हते त्यांच्यापुढे, सात वर्षांची धास्ती पत्करून, वस्त्राचा आडोसा तेवढा उरला. राज्यकर्त्यांनी शस्त्र पोशाखावरून काढले, आणि त्याच हाताने ते पोशाखाखाली ढकलले.

याचा पहिला मोठा प्रत्यय आला तो रहाटणीपासून जवळच. हरी विनायक चापेकर हे चिंचवडचे कीर्तनकार. दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव हे त्यांचे तीन मुलगे वडिलांच्या कीर्तनात साथ करीत लहानाचे मोठे झाले. मोरया गोसावींच्या समाधीमुळे गणेशभक्तांचे क्षेत्र झालेल्या त्या गावात, टाळ-मृदंगाच्या संगतीत वाढलेल्या मुलांच्या हाती पिस्तूल कसे आले, याचे उत्तर १८९७ च्या पुण्यात आहे. प्लेगचा फैलाव रोखण्यासाठी नेमलेल्या विशेष समितीचे अध्यक्षपद वॉल्टर चार्ल्स रँड या मुलकी अधिकाऱ्याकडे होते. गोऱ्या सोल्जरांकडून घरोघर झडत्या चालल्या होत्या. देवघरात आणि माजघरात बूट घालून माणसे शिरत होती, आणि संशयित रोग्यांना विलग छावण्यांत नेले जात होते. साथ आवरण्यास काही कठोर उपाय आवश्यक होते हे आज मान्य करता येते; परंतु ते ज्या उर्मटपणे अंमलात आणले गेले त्याचे समर्थन त्या काळच्या मवाळ पुढाऱ्यांनाही करवले नाही.

२२ जून १८९७ रोजी व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवानिमित्त गणेशखिंडीच्या गव्हर्नमेंट हाउसात, म्हणजे आजच्या विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत, मेजवानी होती. आत कोण होते आणि काय लेवून होते याचा विचार केला म्हणजे त्या रात्रीचे वैचित्र्य ध्यानात येते. मुलकी अधिकारी सायंकालीन काळ्या कोटात, लष्करी अधिकारी मेसच्या गणवेषात, त्यांच्या स्त्रिया रेशमी झग्यांत. आणि ज्यांना हत्यारांच्या कायद्याने पूर्ण मुभा दिली होती, ती ही सारी मंडळी राणीच्या राज्यात आपल्याला कसले भय, या खात्रीने निर्धास्त होती. बाहेर रस्त्यावर, ज्यांना त्याच कायद्याने निःशस्त्र केले होते, ते चिंचवडचे दोघे भाऊ अंधारात पिस्तुले घेऊन उभे होते. त्यांनी तलवारीही आणल्या होत्या. पण दामोदरांनी पुढे स्वतः लिहून ठेवलेल्या हकिकतीनुसार धावताना अडचण होईल म्हणून त्या एका मोरीखाली ठेवून दिल्या. हा तपशील मला फार मोलाचा वाटतो. पूर्वजांच्या कमरेवर दिमाखाने मिरवलेले शस्त्र आता लोढणे झाले होते, आणि जे वस्त्राआड मावते तेच उपयोगाचे ठरले होते. शिवकालीन शस्त्राला अखेरचा रामराम जर कोठे केला गेला असेल, तर तो गणेशखिंडीच्या त्या मोरीखाली.

मध्यरात्रीच्या सुमारास गाड्या परतू लागल्या. ‘गोंद्या आला रे’ ही ठरलेली खूण होताच दामोदरांनी रँडच्या गाडीवर मागून चढून गोळी झाडली. मागच्या गाडीत लेफ्टनंट आयर्स्ट पत्नीसह होता, त्याच्यावर बाळकृष्णांनी झाडली. आयर्स्ट जागच्या जागी मरण पावला. रँड ३ जुलैला. दामोदरांना १८ एप्रिल १८९८ रोजी येरवड्यास फाशी झाली. माहिती देणाऱ्या द्रविड बंधूंना वासुदेव चापेकर व महादेव रानडे यांनी ८ फेब्रुवारी १८९९ रोजी ठार केले, आणि त्या वर्षीच्या मे महिन्यात, अवघ्या पाच दिवसांत, वासुदेव, रानडे आणि बाळकृष्ण असे तिघे फासावर गेले. चिंचवडात चापेकर वाडा आजही आहे, आणि रहाटणीहून तेथे जावयास पवनेवरचा एक पूल ओलांडावा लागतो एवढेच.

चापेकरांच्या काळापर्यंत आपल्याकडे पिस्तूल हे बहुधा अवजड हत्यारच होते. त्याला समारंभाच्या वस्त्रांत सहजपणे वावरता येऊ लागले ते दोन गोष्टींमुळे, आणि त्या दोन्ही परदेशातून आल्या. पहिली म्हणजे खिसा असलेला कोट. धोतर, उपरणे आणि बाराबंदी या वेषात जड वस्तू बाळगण्याची सोय नाही. धोतराच्या ओच्यात पैसे आणि चंची मावते, पण सव्वा-दीड शेर वजनाचे लोखंड ओच्यात घालावे तर नेसूच सुटावयाचे. सुशिक्षित वर्गाने धोतरावर कोट चढविला, तेव्हा त्या वेषात प्रथमच आतून शिवलेली, बाहेरून न दिसणारी जागा निर्माण झाली. दुसरी गोष्ट म्हणजे बेल्जममधील हेर्स्टल येथील कारखान्यात तयार होऊ लागलेले ब्राउनिंग पिस्तूल. जॉन ब्राउनिंग या अमेरिकन कारागिराने १९०० च्या सुमारास जी रचना सिद्ध केली, तिच्यात रिव्हॉल्व्हरला असते तसे फिरते, फुगीर नळकांडे नव्हते. सात काडतुसे मुठीच्या आतच बसत. लांबी जेमतेम वीतभर, वजन सव्वासहाशे ग्रॅम, आणि दोन्ही बाजू सपाट. सपाटपणा हेच त्याचे खरे वैशिष्ट्य. रिव्हॉल्व्हर कोटात ठेवले तर कापडावर उंचवटा येतो आणि शिंप्याच्या डोळ्याला तो लगेच दिसतो. ब्राउनिंग मात्र आतल्या खिशात एखाद्या जाड पाकिटासारखे पडून राहते.

अशी वीस पिस्तुले १९०९ च्या आरंभी विनायक दामोदर सावरकरांनी लंडनहून हिंदुस्थानात धाडली. इंडिया हाउसमधील आचारी चतुर्भुज अमीन याच्या पेटीला दुहेरी तळ करून ती मुंबईत उतरविण्यात आली. त्यांपैकी एक नाशिकला पोहोचले. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनच्या निरोपाचा समारंभ होता. किर्लोस्कर मंडळी देवलांचे ‘शारदा’ करणार होती. गावातील प्रतिष्ठित मंडळी कोट-पागोट्यांत, उपरणी सावरीत येऊन बसली होती, आणि त्या प्रेक्षकांत औरंगाबादहून आलेला अनंत लक्ष्मण कान्हेरे हा सतरा-अठरा वर्षांचा विद्यार्थीही होता. जॅक्सन संस्कृतज्ञ म्हणून ख्यात होता, मराठी नाटकांची त्याला आवड होती. परंतु सावरकरांचे थोरले बंधू बाबाराव यांच्यावरील खटल्याची सूत्रे त्याच्याच हातून हलली होती आणि बाबारावांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली होती. जॅक्सन आत शिरून आपल्या खुर्चीकडे जात असता कान्हेऱ्यांनी गोळ्या झाडल्या. प्रवेशदारी कोणाची झडती झाली नव्हती, कारण सभ्य वेष हाच त्या काळी प्रवेशाचा परवाना होता. कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. त्याआधी, १ जुलै १९०९ रोजी, लंडनच्या इंपीरियल इन्स्टिट्यूटमधील संमेलनात मदनलाल धिंग्राने कर्झन वायली या ब्रिटिश अधिकाऱ्याला ठार केले, तेही असेच निमंत्रितांच्या गर्दीत, कोटाच्या खिशातून पिस्तूल काढून.

येथे थोडे विषयांतर करून १२ डिसेंबर १९११ च्या दिल्ली दरबाराकडे वळणे अगत्याचे आहे. पंचम जॉर्जपुढे संस्थानिकांनी अलंकार आणि तलवार धारण करून यावयाचे, मुजरा करावयाचा, आणि पाठ न दाखविता मागे सरावयाचे, असा शिष्टाचार होता. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड साध्या पांढऱ्या पोशाखात, दागिने उतरवून, हातात छडी घेऊन पुढे गेले आणि मुजरा आटोपताच पाठ फिरवून परतले. यावर इंग्रजी वृत्तपत्रांनी जो गहजब केला तो सर्वपरिचित आहे. या प्रसंगाची मौज अशी की, सामान्य मराठी मनुष्याच्या कमरेला तलवार दिसली तर तो गुन्हा होता, आणि मराठी महाराजांच्या कमरेला ती दिसली नाही तर तो राजद्रोहाचा गंध होता. शस्त्र हे आता संरक्षणाचे साधन न राहता सरकारने ज्याला द्यावे त्याने मिरवावे असे एक बाशिंग झाले होते.

खेडच्या राजगुरूंचा प्रसंग याहून निराळ्या तऱ्हेचा आहे. लाहोरात १७ डिसेंबर १९२८ रोजी पोलीस अधिकारी साँडर्सचा वध झाल्यावर शहराची नाकेबंदी झाली आणि शोध सुरू झाला तो तरुण क्रांतिकारकांचा. तीन दिवसांनी भगतसिंग साहेबी ओव्हरकोट आणि फेल्ट हॅट घालून, दुर्गादेवी व्होरा त्यांची पत्नी म्हणून लहानग्या मुलासह, आणि राजगुरू त्यांचा नोकर म्हणून सामान वाहत, असे लाहोर स्थानकावरून कलकत्त्याच्या गाडीत बसून निघून गेले. ओव्हरकोटाच्या खिशात भरलेले पिस्तूल होते, पण पोलिसांनी तिकडे पाहिलेच नाही. पहिल्या वर्गाने जाणाऱ्या साहेबी जोडप्याला हटकणे हे पोलिसी शिरस्त्यात बसत नव्हते. वेषाने पिस्तूल झाकले हे खरेच, परंतु त्याहून अधिक म्हणजे वेषाने पोलिसाचे डोळे झाकले. या नाटकात सर्वांत अवघड भूमिका राजगुरूंची होती असे मला नेहमी वाटते. कारण नोकराकडे कोणीही, केव्हाही दरडावून पाहू शकतो. २३ मार्च १९३१ रोजी भगतसिंग आणि सुखदेव यांच्याबरोबर ते फासावर गेले. खेडचे नाव आता राजगुरुनगर आहे.

त्यानंतरच्या दोन घटना अवघ्या काही महिन्यांच्या अंतराने घडल्या, आणि दोन्ही विद्यामंदिरांत. २२ जुलै १९३१ रोजी फर्ग्युसन महाविद्यालयाच्या वाडिया ग्रंथालयात हंगामी गव्हर्नर हॉटसन आला असता वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्याने त्याच्यावर जवळून गोळ्या झाडल्या. हॉटसन वाचला, गोळी त्याच्या खिशातील पाकिटाच्या धातूच्या बटणावर आदळली असे सांगतात. विद्यार्थ्याच्या खिशाने जे आणले ते गव्हर्नरच्या खिशाने अडविले. गोगट्यांना कारावास झाला, आणि पुढे पुण्यात लोक त्यांना ‘हॉटसन-गोगटे’ याच नावाने ओळखीत राहिले.

दुसरी घटना ६ फेब्रुवारी १९३२ ची, कलकत्ता विद्यापीठाच्या पदवीदान समारंभातली. बीना दास ही पदवी घेण्यास आलेली तरुणी दीक्षान्त झग्याखाली रिव्हॉल्व्हर लपवून सेनेट सभागृहात बसली होती. कुलपती या नात्याने गव्हर्नर स्टॅन्ली जॅक्सन भाषण करीत असता तिने पुढे होऊन पाच गोळ्या झाडल्या. एकही लागली नाही. कुलगुरू हसन सुऱ्हावर्दी यांनी तिला धरले, आणि तिला नऊ वर्षांची सक्तमजुरी झाली. (हा जॅक्सन म्हणजे इंग्लंडचा जुना क्रिकेटपटू, नाशिकच्या जॅक्सनशी याचा संबंध जोडू नये.) तिचे रोखलेले पदवीपत्र विद्यापीठाने तिच्या मृत्यूनंतर, २०१२ साली दिले.

स्त्रीच्या समारंभी वेषाची अडचण या घटनेत नेमकी दिसते. आमच्या नऊवारीत कासोटा घट्ट, कमरेचा विळखा दुपदरी. त्यावर कमरपट्टा आला की शस्त्र खोचण्यास जागा होती, आणि ते दिसण्यात संकोच नव्हता. पाचवारी साडीत निऱ्यांचा सारा भार परकराच्या नाडीवर. तेथे पाव शेराचे वजनही ओघळ आणते. पाश्चात्य सायंकालीन झग्याला तर खिसाच नसतो; म्हणूनच युरोपात हात ऊबदार ठेवण्याच्या फरच्या नळकांड्यात, म्हणजे ‘मफ’मध्ये, मावेल असे बोटभर पिस्तूल घडविणारे कारागीर निर्माण झाले होते. बीना दासला जे वस्त्र उपयोगी पडले ते स्त्रीचे किंवा पुरुषाचे नव्हते. विद्यापीठाने सर्वांस सारखेच दिलेले, सैल, बाह्या रुंद असलेले ते पदवीचे वस्त्र होते. लक्ष्मीबाईंच्या पट्ट्यातील पिस्तुले आणि बीना दासच्या झग्याखालील रिव्हॉल्व्हर यांच्यामध्ये चौऱ्याहत्तर वर्षे आणि एक कायदा एवढेच अंतर आहे.

आतापर्यंतच्या हकिकतींत वाचकाची सहानुभूती बहुधा शस्त्रधारकाच्या बाजूने राहिली असेल. माझीही बव्हंशी राहिली आहे. परंतु ३० जानेवारी १९४८ च्या संध्याकाळी याच पुण्यातून गेलेल्या नथुराम गोडसेने, खिशात बेरेटा पिस्तूल घेऊन, प्रार्थनासभेस येणाऱ्या लोकांत मिसळून, आधी नमस्कारासाठी हात जोडले आणि मग गांधीजींच्या छातीत तीन गोळ्या झाडल्या. रँडवर गोळी झाडणाऱ्याच्या समोर एक जुलमी सत्ता होती, तिच्याभोवती पलटणी होत्या. येथे समोर अठ्ठ्याहत्तर वर्षांचा निःशस्त्र वृद्ध होता, ज्याने आपल्या सभेस येणाऱ्यांची झडती घेऊ देण्यास नकार दिला होता. या कृत्याला चापेकर-कान्हेऱ्यांच्या पंक्तीत बसविण्याचा जो प्रयत्न अधूनमधून होतो, तो इतिहासाशी अप्रामाणिक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. पारतंत्र्याने शिकविलेली युक्ती स्वातंत्र्यात वापरली की तिचे पावित्र्य उरत नाही.

स्वतंत्र भारताने १९५९ साली नवा शस्त्र अधिनियम केला. तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलात आला.  परवान्याची पद्धत त्यातही राहिली, आणि ती राहावयास हवीच होती. त्याच सुमारास रहाटणीच्या आसपासचे जग पालटू लागले. पिंपरीत पेनिसिलीनचा कारखाना उभा राहिला, मग औद्योगिक वसाहती आल्या, १९८२ साली महानगरपालिका झाली, शिवारातून रुंद रस्ते गेले, आणि ज्या जमिनीचा हिशेब एकरांत होत असे तिचा हिशेब गुंठ्यांत होऊ लागला. जमीन विकून हाती पैसा आलेल्या काहींच्या पोशाखात पांढरी कडक इस्त्री, गळ्यात सोने आणि कमरेला परवान्याचे पिस्तूल अशी नवी मानवस्त्रे दिसू लागली. लोकांनी त्यांना ‘गुंठामंत्री’ हे नाव ठेवले. ज्यांना खरोखर जिवाचे भय आहे अशांचा परवाना मी नाकारीत नाही. पण लग्नाच्या मांडवात जाकिटाचा पदर जरा मागे सारून मूठ दिसेल असे उभे राहणाऱ्याला भय नसते. त्याला शिरपाव हवा असतो, आणि तो देणारा राजा आता उरलेला नाही म्हणून तो स्वतःच घेतो.

आणि येथे कायद्याने एक विलक्षण गिरकी घेतली आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाधारकाने सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल न्यावयाचे ते होल्स्टरमध्ये किंवा तशाच घरात, पूर्णपणे झाकून. उगारणे वा मिरविणे निषिद्ध. १८७८ च्या कायद्याने ज्या लपविण्याला सात वर्षे सांगितली होती, ते लपविणे आज परवानाधारकाचे कर्तव्य झाले आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवण्याची मर्यादा घातली, आणि समारंभात हर्षाच्या भरात गोळीबार करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड अथवा दोन्ही सांगितले. कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ साली ‘निर्भीक’ नावाचे अर्ध्या किलोचे रिव्हॉल्व्हर स्त्रियांसाठी म्हणून बाजारात आणले, तेही पर्समध्ये मावेल अशा बेताने आणि दागिन्याच्या डबीसारख्या मखमली पेटीतून. किंमत लाखाच्या वर. ज्या नोकरदार स्त्रीला रात्री कारखान्यातून परतताना ते लागावे, तिला ते परवडावयाचे कसे, हा प्रश्न तेव्हाही अनेकांनी विचारला होता. परवान्याबाहेरचे जग निराळेच आहे. तेथे मध्य प्रदेशाच्या सीमेवरील उमर्टीसारख्या गावांतून आलेला गावठी कट्टा चालतो, आणि १५ ऑगस्ट २०१८ पासून स्वतंत्र झालेल्या पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयाला तो जप्त करण्याचे काम कधी पुरे पडत नाही.

उघड्यावर मिरवण्याचे जुने शस्त्र आता आमच्याकडे एकाच ठिकाणी उरले आहे. मराठा घरातील नवरदेव मांडवात येतो तेव्हा त्याच्या हाती कट्यार असते आणि तिच्या टोकाला लिंबू टोचलेले असते. पाते झाकलेले नाही, पण टोक बोथट केलेले. सगळ्यांना दिसणारे, आणि म्हणूनच निरुपद्रवी. शेल्यात कट्यार खोचून दरबारात उभे राहणाऱ्या पूर्वजांशी नाते सांगावयाचे असेल, तर ते या कट्यारीने पुरते सांगितले जाते. जाकिटाखालच्या पिस्तुलाने त्यात भर पडत नाही.

रहाटणी, काळेवाडी आणि पिंपळे सौदागरच्या रस्त्यांवर दर दोन फर्लांगांवर मंगल कार्यालय आहे, आणि लग्नसराईत प्रत्येकात दिवसाला दोन-दोन मुहूर्त लागतात. आपण लग्नपत्रिकेच्या तळाशी ‘कृपया आहेर व पुष्पगुच्छ आणू नयेत’ असे छापतो, आणि पाहुणे ते बहुतांशी पाळतात. या लेखाच्या वाचकांपैकी ज्यांच्या घरी यंदा कार्य आहे, त्यांना माझी विनंती आहे की त्या ओळीखाली आणखी एक ओळ छापून घ्यावी: ‘परवानाधारक पाहुण्यांनी शस्त्र घरी कुलपात ठेवून यावे.’